देश बरा चाललाय का? लोकांच्या मताचा आकडा कसा तयार होतो आणि कसा वाचावा

दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेच्या सर्वेक्षणासाठी देशातल्या १९ शहरांत माणसं घरोघरी जातात. यादीत दिल्ली, चेन्नई, कोलकाता असणारच. पण रायपूर, रांची, जम्मू, भोपाळही आहेत. महाराष्ट्रातून दोनच शहरं आहेत, मुंबई आणि नागपूर. पुणं नाही. (पुणेकरांनी मनाला लावून घेऊ नये.) म्हणजे ‘देशातल्या ग्राहकाचा विश्वास वाढला’ अशी बातमी पेपरात येते तेव्हा त्यात नागपूरच्या सक्करदरा, जरीपटका, प्रतापनगरसारख्या वस्त्यांमधल्या कुणाचं तरी उत्तर मिसळलेलं असू शकतं.

हे ग्राहक विश्वास सर्वेक्षण २०१० पासून चालू आहे. एका फेरीत साधारण ६,००० घरांना विचारलं जातं आणि निकाल पतधोरणाच्या, म्हणजे बँक व्याजदर ठरवते त्या दिवशी संकेतस्थळावर येतो. बातमीत त्यातला एकच आकडा दिसतो, ९५ किंवा ९७ असा काहीतरी. त्यावर सत्ताधारी आणि विरोधक आपापलं बोलून घेतात. तो आकडा नेमका कशाचा, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. आधी तेच बघू.

पाच प्रश्न आणि एक सरासरी

विचारल्या जाणाऱ्या मुख्य गोष्टी पाच: देशाची आर्थिक स्थिती, रोजगार, किमती, घरचं उत्पन्न आणि घरचा खर्च. प्रत्येकाबद्दल दोनदा विचारतात. एक वर्षापूर्वीच्या तुलनेत आज कसं आहे, आणि आजपासून एक वर्षानं कसं असेल? उत्तरं तीनच: सुधारलं, तसंच आहे, बिघडलं. किमती, उत्पन्न आणि खर्चासाठी अर्थातच वाढलं, तेवढंच, कमी झालं.

‘सुधारलं’ म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून ‘बिघडलं’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा केली की निव्वळ प्रतिसाद मिळतो. ‘तसंच आहे’ म्हणणारे या हिशोबात गळतात. पाचही निव्वळ प्रतिसादांची सरासरी काढायची आणि त्यात १०० मिळवायचे, की झाला चालू परिस्थितीचा निर्देशांक. तो ० ते २०० मध्ये कुठेही असू शकतो. १०० च्या वर म्हणजे आशावादी जास्त, खाली म्हणजे निराश जास्त.

एक काल्पनिक फेरी घेऊन हिशोब करू. देशाची स्थिती सुधारली म्हणणारे ३८ टक्के, बिघडली म्हणणारे ४२, म्हणून उणे ४. रोजगारात ३६ आणि ४२, म्हणून उणे ६. किमती वाढल्या म्हणणारे ९२ आणि उतरल्या म्हणणारे २. किमती वाढणं वाईट धरतात, म्हणून उणे ९०. उत्पन्न वाढलं २६, घटलं २२, म्हणून अधिक ४. खर्च वाढला ८२, कमी झाला ४, म्हणून अधिक ७८. बेरीज उणे १८, भागिले ५, उणे ३.६. निर्देशांक ९६.४.

आता त्यातला खर्चाचा आकडा परत बघा. घरचा खर्च वाढला, तर तो अधिक धरतात. मागचा तर्क असा की माणूस हात सैल सोडतो तो भरवसा असल्यावर. पण तेल, डाळ आणि शाळेची फी महाग झाली म्हणूनही खर्च वाढतोच. म्हणजे एकाच महागाईपोटी किमतींच्या रकान्यात उणे ९० पडतात आणि खर्चाच्या रकान्यात अधिक ७८. दोन्ही एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात. उरतात देशाची स्थिती, रोजगार आणि उत्पन्न, आणि निर्देशांकाचा चढ-उतार बराचसा या तिघांवर ठरतो. त्यामुळे मथळ्यातला एकत्रित आकडा सोडून आधी रोजगार आणि उत्पन्नाचे निव्वळ प्रतिसाद बघावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. खर्चाचा आकडा बघायचाच तर गरजेचा खर्च आणि गरजेपलीकडचा खर्च वेगळे काढून बघावा; सर्वेक्षणात ते वेगळे विचारलेले असतात. गरजेचा वाढलाय आणि कपडे, फिरणं, हॉटेल यांवरचा आटलाय, तर त्याला भरवसा म्हणता येत नाही.

दुसरा निर्देशांक पुढच्या वर्षाच्या अपेक्षांचा. तो जवळजवळ नेहमीच पहिल्यापेक्षा बराच वर असतो. आज कसंही असो, पुढच्या वर्षी बरं होईल असं माणूस म्हणतोच. मार्च २०२४ मध्ये चालू परिस्थितीचा निर्देशांक ९८.५ होता आणि पुढच्या वर्षाचा १२५.२. म्हणून ‘लोक भविष्याबद्दल आशावादी’ या मथळ्यात बातमी फारशी नसते. अपेक्षांचा आकडा १०० च्या जवळ उतरला, तर मात्र कान टवकारावेत.

जीडीपी २० टक्के वर, विश्वास तळाला

लोकांचं मत आणि सरकारी आकडा उलट दिशेला गेले की दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय असा सूर लागतो. २०२१ ची गोष्ट यावर बोलकी आहे.

ग्राहक विश्वास करोनाच्या आधीच घसरायला लागला होता. मार्च २०१९ मध्ये १०४.६ असलेला निर्देशांक त्याच वर्षी नोव्हेंबरात ८५.७ वर आला. टाळेबंदीनंतर आणखी घसरला आणि दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, ४८.५ या नीचांकावर पोहोचला. जुलैतही तो ४८.६ होता. आणि याच २०२१ च्या एप्रिल-जून तिमाहीत जीडीपी २०.१ टक्क्यांनी वाढल्याचं ऑगस्टअखेर जाहीर झालं.

दोन्ही आकडे बरोबर होते. त्याआधीच्या वर्षी, २०२० च्या एप्रिल-जूनमध्ये, जीडीपी २३.९ टक्क्यांनी कोसळल्याचं पहिल्या अंदाजात सांगितलं होतं. १०० वरून २३.९ टक्के घसरलं की उरले ७६.१. त्यावर २०.१ टक्के वाढ झाली की होतात साधारण ९१.४. वाढीचा दर डोळे दिपवणारा, पण गाडी दोन वर्षांपूर्वीच्या जागीसुद्धा पोहोचलेली नव्हती. शिवाय त्या एप्रिल-मेमध्ये ज्याचं दुकान पुन्हा बंद झालं, ज्याच्या घरात दवाखान्याचं बिल आलं, त्याला कुणी ‘वर्षापूर्वीपेक्षा कसं आहे’ विचारलं तर तो काय सांगणार होता? टक्केवारी कितीही मोठी असो, ती कशाच्या तुलनेत आहे हे बघितल्याशिवाय तिला हात लावू नये.

हाच नियम उलटाही लागतो. सर्वेक्षणसुद्धा ‘एक वर्षापूर्वी’ हाच पाया धरतं. ओळीनं दोन वर्षं वाईट गेली की दुसऱ्या वर्षी बरेच जण ‘तसंच आहे’ म्हणतात, निर्देशांक वर सरकतो, आणि बातमी येते की विश्वास सावरला. सावरलेला काही नसतो. खड्डा तेवढाच खोल राहिलेला असतो.

महागाई २ टक्के, लोक म्हणतात ७

रिझर्व्ह बँकेचं दुसरं सर्वेक्षण महागाईबद्दलच्या अपेक्षांचं आहे, २००५ पासूनचं. तेही याच शहरांत होतं. त्यात लोकांना थेट विचारतात: तुमच्या मते सध्या महागाई किती टक्के आहे, तीन महिन्यांनी किती असेल, वर्षानं किती असेल? जून २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा सरकारी दर २.१ टक्के होता. त्या सुमाराच्या फेऱ्यांत लोकांच्या उत्तरांचा मध्यक (उत्तरं चढत्या क्रमानं लावली की मधोमध येणारा आकडा) ७ टक्क्यांच्या वर होता. दरी लहान नाही. ती पडते तीन कारणांनी, आणि तिन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण दर आणि किंमत यांतला फरक. समजा नागपूरच्या इतवारी बाजारात तूरडाळ तीन वर्षांपूर्वी ११० रुपये किलो होती, गेल्या वर्षी १६०, आणि आता १५०. सरकारी हिशोबात या डाळीची वार्षिक महागाई उणे ६ टक्क्यांच्या आसपास. गिऱ्हाईक मात्र ११० विसरलेलं नाही. ‘महागाई कमी झाली’ म्हणजे किमती चढण्याचा वेग मंदावला. किमती जुन्या जागी परत गेल्या असा त्याचा अर्थ होत नाही. हे टीव्हीवर क्वचितच सांगतात.

दुसरं कारण आठवणीचं. दूध रोज, आलू-कांदे आणि सांबार (कोथिंबीर) दर दोन दिवसांनी, पेट्रोल आठवड्याला. या वस्तूंचा भाव प्रत्येक जण तोंडपाठ सांगतो. टीव्ही पाच-सात वर्षांतून एकदा घेतो, त्याची किंमत उतरली तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. सरकारी निर्देशांक दोन्ही गोष्टी खर्चातल्या वाट्याप्रमाणे मोजतो. माणूस त्या किती वेळा घेतो त्याप्रमाणे मोजतो.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यात लोक चुकत नाहीत. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या महागाई निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा वाटा ४५.८६ टक्के होता. ही देशाची सरासरी. प्रत्यक्षात ज्याची कमाई कमी, त्याचा खाण्यावरचा वाटा जास्त. समजा एका वर्षी खाद्यपदार्थ १० टक्क्यांनी महागले आणि बाकी सगळं ३ टक्क्यांनी. सरकारी सरासरी येईल ६.२ टक्के. पण ज्या घरात खर्चातला ६० टक्के वाटा खाण्यावर जातो त्याची महागाई ७.२, आणि ज्या घरात ३० टक्केच जातो त्याची ५.१. शहर एक, कळमन्याच्या ठोक बाजारातून येणारी भाजी एक, बाजाराचा दिवस एक, आणि महागाई दोन. सरकारी आकडा दोघांपैकी कुणाचाच नाही.

त्यात पगाराचा हिशोब घाला. महिन्याला २४,००० मिळतात, २२,००० खर्च होतात, २,००० उरतात. खर्च ५ टक्क्यांनी वाढला, झाला २३,१००. पगार ४ टक्क्यांनी वाढला, झाला २४,९६०. उरले १,८६०. महागाई ‘आटोक्यात’, उत्पन्न ‘वाढलेलं’, तरी हातात १४० रुपये कमी. असा माणूस उत्पन्नाच्या प्रश्नाला ‘वाढलं’ म्हणेल आणि देशाच्या प्रश्नाला ‘बिघडलं’. सर्वेक्षकाला ते विसंगत वाटेल, पण ते तसं नाही.

लोकांचा आकडा सरकारीपेक्षा वर आहे म्हणून तो टाकून द्यावा का? नाही. पातळी नेहमीच फुगलेली असते. उपयोग असतो दिशेचा. रिझर्व्ह बँकेवर महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ च्या पट्ट्यात ठेवायची जबाबदारी आहे. भाव चढणार असं ठोक व्यापाऱ्याला वाटलं तर तो माल भरून ठेवतो, कामगाराला वाटलं तर तो वाढीव मजुरी मागतो, आणि भाव खरंच चढतात. त्यामुळे लोकांची अपेक्षा ७ वरून ८ वर गेली, की धोरण ठरवणारे त्याकडे दुर्लक्ष करत नाहीत.

माझं घर आणि ‘देश’

स्वतःच्या घराबद्दल माणूस अनुभवातून बोलतो, देशाबद्दल बातम्यांतून. मिशिगन विद्यापीठ १९४६ पासून अमेरिकी ग्राहकांना असेच प्रश्न विचारत आलंय. तिथले संशोधक जॉर्ज कटोना यांनी ती पद्धत घालून दिली. तिथे राष्ट्राध्यक्षपदाची सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली की दोन्ही पक्षांच्या समर्थकांची अर्थव्यवस्थेबद्दलची मतं काही आठवड्यांत जागा बदलतात. कालपर्यंत सगळं बुडालं म्हणणारे आज आशावादी, आणि उलट. किराणा मालाचा भाव मात्र तोच असतो. आपल्याकडेही ‘देशाची स्थिती’ या प्रश्नाच्या उत्तरात पक्षाचा रंग मिसळतोच. उत्पन्न आणि नोकरीच्या प्रश्नांत तो कमी असतो, कारण स्वतःच्या खिशाबद्दल फार काळ फेकता येत नाही.

विचारणारा कोण आणि कधी, यानंही फरक पडतो. लोकसभा निवडणुकीआधी, एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सीएसडीएस-लोकनीती या संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणात २७ टक्क्यांनी बेरोजगारी आणि २३ टक्क्यांनी महागाई हा सगळ्यात मोठा मुद्दा सांगितला. त्याच्या महिनाभर आधीच रिझर्व्ह बँकेचा निर्देशांक ९८.५ वर, म्हणजे जवळपास पाच वर्षांतल्या उंचीवर होता. विरोध कुठेच नाही. एकानं विचारलं, ‘वर्षापूर्वीपेक्षा बरं आहे का?’ दुसऱ्यानं विचारलं, ‘सगळ्यात मोठी अडचण कोणती?’ आजार उतरत असलेला रोगीही दुखणं विचारलं तर दुखणंच सांगतो.

बेरोजगारीच्या सरकारी दराचंही असंच आहे. आठवडी पद्धतीत आठवडाभरात एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. हिंगणा एमआयडीसीच्या फाटकासमोर आठवड्यातून दोन दिवस काम मिळणारा पोरगा त्या मोजणीत बेरोजगार नाही. रोजगाराची स्थिती विचारली तर तो ‘बिघडली’ म्हणणार.

स्वतः मोजायचं असेल तर

अर्थशास्त्राचे विद्यार्थी, वस्तीतलं मंडळ किंवा एखादी संस्था नागपुरात असं छोटं सर्वेक्षण करू शकते. खर्च फार नाही, शिस्त मात्र लागते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गाठणं. बर्डीवर खरेदीला आलेला माणूस खरेदी करू शकणारा माणूस असतो. ज्याचा हात आखडलाय तो घरी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरवणं त्याहून वाईट, कारण ज्याला राग आहे किंवा ज्याला कौतुक करायचंय तोच भरतो.

महापालिकेचे दहा झोन आहेत. प्रत्येक झोनमधून चिठ्ठ्या टाकून पाच मतदान केंद्रं निवडा आणि प्रत्येक केंद्राच्या हद्दीत आठ घरं घ्या. झाली ४०० घरं. सुरुवातीचा कोपराही चिठ्ठीनंच ठरवा आणि तिथून दर दहावं घर घ्या. कुलूप असेल तर शेजारच्यांकडे वळायचं नाही. एकदा संध्याकाळी आणि एकदा रविवारी परत जायचं, तरीही बंद असेल तरच पुढचं घर, आणि तशी नोंद करायची. कुलूपबंद घरं म्हणजे बहुतेक नोकरी करणारी घरं. ती सुटली की नमुन्यात निवृत्त आणि गृहिणीच उरतात. घरात कुणाला विचारायचं तेही दार उघडणाऱ्यावर सोडू नका. घरातल्या ज्या प्रौढाचा वाढदिवस सगळ्यात आधी येतोय, त्याला किंवा तिला विचारा.

मे महिन्यात दुपारी नागपुरात कुणी दार उघडत नाही, आणि उघडलं तरी उत्तराला उन्हाचा कडवटपणा असतो. सकाळी ७ ते १० किंवा सूर्य उतरल्यावर जा. जूनमध्ये शाळेच्या फीचा घाव ताजा असतो, दिवाळीच्या तोंडावर बोनसची हवा असते. दोन वर्षांची तुलना करायची तर महिना तोच ठेवा.

प्रश्न मराठी आणि हिंदी दोन्हींत छापून घ्या आणि शब्दन् शब्द वाचून दाखवा. ‘देशाची अवस्था बिघडलीच आहे ना?’ असं बोलता बोलता विचारलं की ते घर वाया गेलं. क्रम ठरवला की बदलायचा नाही. किमतींचा प्रश्न आधी विचारला तर पुढच्या सगळ्या उत्तरांवर त्याचं सावट पडतं, म्हणून तो शेवटी ठेवलेला बरा. उत्पन्नाचा आकडा विचारू नका; लोकांना रेशन कार्ड आठवतं आणि उत्तर खाली येतं. वाढलं, तेवढंच, घटलं, एवढं पुरे. गरजेचा आणि गरजेपलीकडचा खर्च मात्र वेगवेगळा विचारा. झोनची लोकसंख्या सारखी नाही, म्हणून शेवटी प्रत्येक झोनच्या उत्तरांना लोकसंख्येप्रमाणे वजन द्यावं लागतं.

मग येतो चुकीच्या मर्यादेचा, म्हणजे थोड्याच घरांना विचारल्यामुळे आकडा किती इकडे-तिकडे होऊ शकतो याचा प्रश्न, जिथे बहुतेक बातम्याही घसरतात. ४०० घरांत एखाद्या टक्केवारीत साधारण ५ टक्क्यांची चूक इकडे किंवा तिकडे गृहीत धरावी लागते. निव्वळ प्रतिसाद ही दोन टक्केवारींची वजाबाकी, तिथे चूक वाढते. ३८ आणि ४२ अशी उत्तरं आली तर निव्वळ प्रतिसाद उणे ४, पण त्यात पावणेनऊ अंकांची चूक शक्य आहे. म्हणजे खरा आकडा उणे १३ ही असेल किंवा अधिक ५ ही. त्यातही एकाच केंद्राजवळची आठ घरं एकसारखी असतात, त्यामुळे मर्यादा आणखी रुंदावते. ११ धरून चालावं. रिझर्व्ह बँकेच्या ६,००० घरांसाठी साध्या हिशोबानं हीच मर्यादा सव्वादोनच्या आसपास येते, आणि दोन फेऱ्यांची तुलना करताना ३ च्या वर जाते. एका प्रश्नाचा निव्वळ प्रतिसाद उणे ४ वरून उणे ६ वर आला, तर त्यावर ‘लोकांचा भ्रमनिरास’ असा मथळा देण्यासारखं काही घडलेलं नसतं.

आणि नागपूरचा वेगळा आकडा कुणी सांगितला तर आधी घरं किती ते विचारा. ६,००० भागिले १९ केले की एका शहराच्या वाट्याला सरासरी ३०० च्या थोडी वर घरं येतात. ३०० घरांत साध्या टक्केवारीतही पावणेसहाची चूक असते. तेवढ्यावर धंतोली खूश आणि सतरंजीपुरा नाराज, असं सांगणाऱ्यानं ते सर्वेक्षणातून काढलेलं नसतं.